वाचकांचे प्रश्न : फुल्यांमागचा पासवर्ड

कन्सोल प्रोग्राममध्ये टाइप होणारा पासवर्ड पडद्यावर उमटू नये, याविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. फंक्शन, फ्लॅग आणि कमांड यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच लिहायची.

प्रश्न : विंडोजवर कोनिओ हेडरमधले गेटसीएच वापरून पासवर्डाच्या जागी फुल्या छापणारा सी प्रोग्राम नीट चालत होता. लिनक्सवर तो कंपाइलच होत नाही. गेटसीएच काढून गेटचार घातले, तर पासवर्ड उघडा दिसतो आणि एंटर दाबेपर्यंत एकही फुली येत नाही.

उत्तर : कोनिओ हे सी भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत कधीच नव्हते. ते डॉस आणि विंडोजच्या कंपायलरांबरोबर येते, त्यामुळे लिनक्सवर ते शोधत बसू नका. एनकर्सेसमध्ये गेटसीएच याच नावाचे फंक्शन सापडेल, पण आधी इनिटस्क्र बोलावून सगळा पडदा ताब्यात घेतल्याशिवाय ते नुसती चूक परत देते. एका पासवर्डासाठी एवढा संसार मांडायची गरज नाही.

टाइप केलेले अक्षर पडद्यावर कोण उमटवतो, हे आधी लक्षात घ्यायला हवे. तुमचा प्रोग्राम नव्हे. ते काम कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, टर्मिनल ड्रायव्हर करतो, आणि प्रोग्रामच्या हाती अक्षर पडण्याच्या आधीच करून मोकळा होतो. याला इको म्हणतात. तोच ड्रायव्हर एंटर येईपर्यंत सगळी ओळ स्वतःकडे धरून ठेवतो, बॅकस्पेसही तोच हाताळतो. हा झाला कॅनॉनिकल मोड. तुमची दोन्ही लक्षणे इथली आहेत. फुली छापून अक्षर झाकता येत नाही, इको बंदच करावा लागतो.

काहीच न दाखवता पासवर्ड घ्यायचा असेल तर काम सोपे आहे. /डेव्ह/टीटीवाय ही फाइल, म्हणजे प्रोग्रामला जोडलेले टर्मिनल, वाचन-लेखनासाठी उघडा. टीसीगेटअ‍ॅटरने टर्मिनलची सध्याची स्थिती एका स्ट्रक्चरमध्ये घ्या आणि तिची प्रत करा. प्रतीतल्या सी_एलफ्लॅगमधला इको हा बिट उतरवा. हवा असल्यास इकोएनएल चढवा, म्हणजे एंटर दाबल्यावर निदान पुढची ओळ तरी सुरू होईल. मग टीसीएसएफ्लश हा पर्याय देऊन टीसीसेटअ‍ॅटर बोलवा, ओळ वाचा, शेवटचा न्यूलाइन काढा आणि मूळ स्ट्रक्चर परत बसवा. कॅनॉनिकल मोड चालूच राहतो, त्यामुळे बॅकस्पेस आणि कंट्रोल-यू कर्नलच सांभाळतो आणि तुम्हाला एक ओळही लिहावी लागत नाही.

फुल्या हव्याच असतील तर इकोबरोबर आयकॅनन हा कॅनॉनिकल मोडचा बिटही उतरवा, व्हीमिन (किमान किती बाइट आल्यावर वाचन परत यावे) १ आणि व्हीटाइम (किती वेळ वाट पाहावी) ० ठेवा. आता प्रत्येक की दाबताक्षणी तुमच्याकडे येईल. आयसिग मात्र उतरवू नका, नाहीतर कंट्रोल-सी चालेनासा होईल आणि वापरणारा प्रॉम्प्टपाशी अडकून बसेल.

इथे तीन चुका वारंवार दिसतात. बिट उतरवताना 'अँड'ऐवजी सरळ नेमणूक केली जाते, मग इको सोडून बाकीचे सगळे बिट चढतात आणि टर्मिनल वेड्यासारखे वागते. दुसरी चूक म्हणजे परत येताना जपून ठेवलेली स्थिती न बसवता नुसता इको चढवणे; तो आधीपासूनच बंद असेल, तर तुम्ही तो उगीच चालू केलेला असतो. तिसरी चूक एफफ्लश विसरण्याची. फुलीनंतर न्यूलाइन नसतो, म्हणून ती आउटपुटच्या बफरमध्येच पडून राहते आणि सगळ्या फुल्या शेवटी एकदम बाहेर येतात.

टीसीएसएफ्लशचा एक परिणाम माहीत असावा. तोपर्यंत टाइप होऊन न वाचलेले सगळे तो फेकून देतो. माणसासाठी हे चांगलेच, कारण आधी चुकून दाबलेल्या की पासवर्डात मिसळत नाहीत. पण एक्स्पेक्टसारखे, माणसाऐवजी टाइप करणारे साधन प्रॉम्प्टची वाट न पाहता पासवर्ड पाठवत असेल, तर तो कधीकधी गायब होईल. स्क्रिप्टला आधी प्रॉम्प्टची वाट पाहायला लावा.

विंडोजवर कोनिओ न वापरता हेच करायचे तर गेटकन्सोलमोडने स्थिती घ्या, तिच्यातला इको इनपुटचा बिट, म्हणजे किंमत ४, काढा आणि सेटकन्सोलमोडने बसवा. ओळीचा बिट, किंमत २, काढणार असाल तर इकोचाही काढावाच लागतो. ओळीच्या मोडशिवाय तिथे इको चालत नाही.

प्रश्न : फुल्या येतात, पण बॅकस्पेस दाबला की आणखी एक फुली वाढते. ते दुरुस्त केले तर बॅकस्पेस दाबत राहिल्यावर 'पासवर्ड :' हा प्रॉम्प्टच खोडला जातो. कधी बाणाची की चुकून दाबली गेली तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो.

उत्तर : आयकॅनन उतरवला त्या क्षणी ओळ संपादनाची सगळी जबाबदारी तुमच्या अंगावर आली. येणारा प्रत्येक बाइट तपासावा लागेल.

बॅकस्पेससाठी बहुतेक लिनक्स टर्मिनल १२७ पाठवतात, काही ८ पाठवतात. विंडोजवर ८ येतो. दोन्ही स्वीकारा. लांबी शून्याहून जास्त असेल तरच ती एकने कमी करा आणि तीन अक्षरे छापा : बॅकस्पेस, स्पेस, बॅकस्पेस. पहिले कर्सर मागे नेते, दुसरे फुली पुसते, तिसरे कर्सर पुन्हा त्या जागी आणते. लांबी शून्य असताना काहीच छापायचे नाही. तुमचा प्रॉम्प्ट खोडला जातो तो ही अट नसल्यामुळे.

एंटर लिनक्सवर १० म्हणून येतो, कारण आयसीआरएनएल हा फ्लॅग १३ चा १० करतो. विंडोजच्या गेटसीएचमध्ये तो १३ येतो. फक्त १० तपासणारा लूप विंडोजवर संपतच नाही. कंट्रोल-यू म्हणजे २१ : सगळे पुसा. कंट्रोल-डी म्हणजे ४ : काही टाइप झालेले नसेल तर रद्द समजा. ३२ पेक्षा लहान असलेली बाकीची अक्षरे पासवर्डात घेऊ नका.

बाणाच्या की हा खरा त्रास आहे. वरचा बाण दाबला की एक नव्हे, तीन बाइट येतात : २७, ९१, ६५. डिलीट दाबले तर चार : २७, ९१, ५१, १२६. तुमचा प्रोग्राम २७ गाळत असेल, पण मागचे ९१ आणि ६५ ही छापता येणारी अक्षरे आहेत, चौकोनी कंस आणि मोठा ए. ती पासवर्डात जाऊन बसतात. म्हणून २७ नंतर ९१ आला तर ६४ ते १२६ मधला पहिला बाइट येईपर्यंत सगळे गिळून टाका. नुसती एस्केप की ओळखायची असेल तर पुढच्या वाचनापुरता व्हीमिन ० आणि व्हीटाइम १ करा. व्हीटाइम सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. तेवढ्यात काही आले नाही, तर ती एकटी एस्केप होती.

फुल्या न दाखवणाऱ्या साध्या पद्धतीतही बाण पासवर्डात जातोच, फक्त तो कुणाला दिसत नाही. बरोबर पासवर्ड एकदाच नाकारला जातो आणि पुन्हा टाइप केल्यावर चालतो, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

विंडोजच्या गेटसीएचमध्ये बाण आणि फंक्शन की दोन वेळा येतात. आधी ० किंवा २२४, मग खरा कोड. तेव्हा पहिला आकडा दिसला की एकदा पुन्हा वाचून ते टाकून द्या. मिळालेली किंमत इंट प्रकारातच ठेवा. साध्या कॅरमध्ये ठेवली की २२४ चे उणे ३२ होतात, तुलना फसते आणि 'तपासणी लिहिली आहे तरी बाण शिरतो' हे कोडे सुटत नाही.

बफरची मर्यादाही सांभाळा. जागा संपली की अक्षर घेऊ नका आणि फुलीही छापू नका. ७ हा बाइट छापून बीप वाजवला तर उत्तम. मुकाट्याने कापणे सर्वांत वाईट. ४० अक्षरांचा पासवर्ड ठरवताना ३१ वर कापला, तपासतानाही ३१ वर कापला, तर सगळे सुरळीत चालते आणि शेवटची ९ अक्षरे शोभेची आहेत हे कुणालाच कळत नाही.

राहिली ओळ भरण्याची गोष्ट. ८० रकान्यांच्या टर्मिनलवर फुल्या दुसऱ्या ओळीत गेल्या की बॅकस्पेस वरच्या ओळीवर परत जात नाही. ठरावीक संख्येनंतर फुल्या छापणे थांबवा आणि फक्त लांबी मोजत राहा.

प्रश्न : देवनागरीत पासवर्ड टाइप केला तर प्रत्येक अक्षरामागे तीन किंवा त्याहून जास्त फुल्या येतात. बॅकस्पेसनंतर पासवर्ड जुळत नाही.

उत्तर : यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि तुम्ही बाइट मोजत आहात. 'क' येतो तो २२४, १६४, १४९ असा. 'क्षि' डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण आत क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी अशी चार चिन्हे आहेत, म्हणजे १२ बाइट. बॅकस्पेसने यातला एकच बाइट काढलात तर उरलेली माळ यूटीएफ-८ म्हणून वैधच राहत नाही.

उपाय छोटा आहे. १२८ ते १९१ मधला बाइट हा नेहमी आधीच्या चिन्हाचा पुढचा भाग असतो, त्यासाठी फुली छापू नका. बॅकस्पेसवर शेवटून असे बाइट काढत जा आणि त्यांच्या आधीचा एक सुरुवातीचा बाइट काढून थांबा. 'क्षि'ला चार फुल्या येतील; आमच्या मते ते चालण्यासारखे आहे. अक्षराला एकच फुली हवी म्हणून युनिकोडचे जोडाक्षर-नियम लायब्ररीसकट आणणे हा अतिरेक होईल. कॅनॉनिकल मोडमध्ये हेच काम लिनक्सचा आययूटीएफ८ हा फ्लॅग करतो. तो उतरलेला असेल तर कर्नलही बाइट-बाइट खोडतो.

याहून खोल खड्डा पुढे आहे. 'दऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका कळफलकावरून 'ऱ' आणि हलन्त अशी दोन चिन्हे येतात, म्हणजे ६ बाइट. दुसऱ्यावरून साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदी जोडक येतो, म्हणजे ९ बाइट. छापल्यावर दोन्ही सारखे दिसतात, हॅश (पासवर्डाऐवजी साठवला जाणारा त्याचा गणिती ठसा) मात्र वेगळे येतात. शिवाय 'ऱ' स्वतःच एक चिन्ह म्हणून येऊ शकतो किंवा र आणि नुक्ता असा दोन चिन्हांत येऊ शकतो. हा शेवटचा फरक हॅश करण्याआधी एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे युनिकोडच्या लेखी समान माळा एकाच रूपात आणणे, केले की मिटतो. शून्य-रुंदी जोडकाचा मिटत नाही, कारण युनिकोडच्या लेखी त्या दोन माळा समान नाहीतच. पासवर्ड झाकलेला असल्यामुळे टाइप करणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. देवनागरी पासवर्ड स्वीकारणार असाल तर एनएफसी कराच, आणि एंटरपूर्वी एखादी की दाबून तो क्षणभर उघडा करून पाहण्याची सोय द्या.

प्रश्न : पासवर्ड विचारत असताना कंट्रोल-सी दाबला की प्रोग्राम बंद होतो, पण नंतर टर्मिनलवर काहीच उमटत नाही. कमांड चालतात, दिसत नाहीत. एटएक्झिटमध्ये पूर्वस्थिती आणण्याचे फंक्शन नोंदवले आहे, तरीही.

उत्तर : अडकलेल्याने आधी सुटावे : न दिसताच 'एसटीटीवाय सेन' टाइप करून एंटर दाबा. एंटरला प्रतिसाद नसेल तर त्याऐवजी कंट्रोल-जे. त्यानेही भागले नाही तर 'रीसेट'.

कारण असे की इकोची स्थिती प्रोग्रामची नसते, टर्मिनलची असते. प्रोग्राम मेला तरी ती तशीच राहते. आणि एटएक्झिटची फंक्शने सिग्नलने मेलेल्या प्रोग्रामसाठी चालतच नाहीत. ती फक्त एक्झिट बोलावले किंवा मेन संपले तरच चालतात. बॅशसारखे काही शेल सिग्नलने मेलेल्या कामानंतर टर्मिनल स्वतःहून पूर्ववत करतात, म्हणून तुमच्या मशीनवर ही चूक कदाचित कधीच दिसणार नाही आणि दुसऱ्याकडे पहिल्याच दिवशी दिसेल. त्या मेहेरबानीवर विसंबू नका.

इको उतरवण्याआधी सिगइंट, सिगटर्म, सिगहप, सिगक्विट आणि सिगटीएसटीपी या सिग्नलांसाठी सिगअ‍ॅक्शनने हँडलर बसवा. हँडलरात फक्त एका सिग_अ‍ॅटॉमिक_टी चलात सिग्नलचा क्रमांक नोंदवा; तिथे प्रिंटएफ वगैरे काही नको. एसए_रीस्टार्ट हा पर्याय देऊ नका, म्हणजे अडकलेले रीड ईआयएनटीआर ही चूक देऊन परत येईल. मग टर्मिनलची जुनी स्थिती बसवा, हँडलरही जुने बसवा आणि तोच सिग्नल रेझ करून स्वतःला पुन्हा पाठवा. हे शेवटचे पाऊल अनेक जण गाळतात आणि त्याऐवजी सरळ एक्झिट १ करतात. मग बाहेरच्या स्क्रिप्टला कळत नाही की माणसाने काम थांबवले आहे, आणि ती पुढची कमांड बिनदिक्कत चालवते.

सिगटीएसटीपी म्हणजे कंट्रोल-झेड. प्रोग्राम पुन्हा पुढे आणला की इको परत उतरवून प्रॉम्प्ट पुन्हा छापावा लागतो, नाहीतर उरलेला पासवर्ड उघड्यावर टाइप होतो. सिगकिल कुणालाच पकडता येत नाही, त्याला इलाज नाही.

हाच प्रोग्राम शेवटी अँपरसँड लावून पार्श्वभूमीत चालवला तर टीसीसेटअ‍ॅटर बोलावताच सिगटीटीओयू येतो आणि तो जागीच थांबतो. ते गोठणे नाही. पुढे आणला की चालू लागतो. गो भाषेच्या टर्म पॅकेजातले रीडपासवर्डही टर्मिनलचीच स्थिती बदलते, तिथेही सिग्नलची व्यवस्था तुम्हालाच करावी लागते.

प्रश्न : पायथनचे गेटपास टर्मिनलवर ठीक चालते. आयडल या पायथनबरोबर येणाऱ्या संपादकात मात्र इशारा देऊन पासवर्ड उघडा दाखवते. आणि पाइपमधून पासवर्ड दिला तर तो न घेता कीबोर्डची वाट पाहत बसते.

उत्तर : दोन्ही गोष्टी ठरवून केलेल्या आहेत. आयडलची खिडकी हे टर्मिनल नाही, तिथे इको नावाचे काही बंद करता येत नाही; गेटपासवॉर्निंग हेच सांगते. कार्यक्षम उपाय म्हणजे प्रोग्राम खऱ्या टर्मिनलवरून चालवणे. व्हीएस कोडमध्ये डीबगच्या मांडणीत कन्सोलची किंमत इंटिग्रेटेडटर्मिनल करा, पायचार्ममध्ये आउटपुट कन्सोलात टर्मिनलचे अनुकरण करण्याचा पर्याय चालू करा.

युनिक्सवर गेटपास आधी /डेव्ह/टीटीवाय उघडून पाहते आणि ते उघडले तर मानक इनपुटकडे बघतही नाही. स्वयंचलित वापरासाठी पासवर्ड पाइपने घ्यायचा असेल तर तसा वेगळा पर्याय द्या आणि तो दिला असेल तेव्हाच मानक इनपुटमधून एक ओळ वाचा. मानक इनपुट टर्मिनल नाही असे दिसले की आपसूक पाइप वाचायचा, हा शहाणपणा महागात पडतो. फाइलींची यादी पाइपने घेणाऱ्या प्रोग्रामने यादीतली पहिली ओळ पासवर्ड म्हणून खाल्ली, असे त्यातूनच घडते.

फुल्या हव्या असतील तर पायथन ३.१४ पासून गेटपासला इको_कॅर हा आर्ग्युमेंट आहे. त्याआधीच्या आवृत्तीत लूप स्वतः लिहावा लागेल.

प्रश्न : जावात सिस्टिम.कन्सोल नल देतो. सी शार्पमध्ये कन्सोल.रीडकी पाइप लावला की एक्सेप्शन फेकते.

उत्तर : रोग एकच, खरे टर्मिनल जोडलेले नाही. जावात आयडीईतून (कोड लिहून चालवण्याच्या खिडकीतून) चालवल्यास किंवा इनपुट-आउटपुट वळवल्यास नल येतो. आधी ते तपासा आणि स्पष्ट संदेश देऊन थांबा. 'नल आला तर स्कॅनरने वाचू' अशी पळवाट ठेवू नका, पासवर्ड उघडा दिसेल. जावा २२ पासून इझटर्मिनल हे फंक्शन आले आहे; त्या आवृत्तीपासून नुसती नलची तपासणी पुरेशी नाही, हेही विचारा.

सी शार्पमध्ये रीडकीला ट्रू दिले की अक्षर उमटत नाही. आधी इझइनपुटरीडायरेक्टेड पाहा. बाणांसाठी कीकॅरमध्ये शून्य येते, म्हणून नियंत्रण अक्षरे गाळा. सिक्युअरस्ट्रिंगच्या मागे लागू नका. नव्या कामासाठी ते वापरू नये असे खुद्द मायक्रोसॉफ्टचेच सांगणे आहे.

प्रश्न : बॅश स्क्रिप्टमध्ये 'रीड -एस' वापरतो. काही लोकांचे पासवर्ड नेहमीच चुकीचे ठरतात.

उत्तर : त्या लोकांच्या पासवर्डात बॅकस्लॅश आहे का, किंवा सुरुवातीला अथवा शेवटी स्पेस आहे का, ते पाहा. रीडला आर हा पर्याय न दिल्यास बॅकस्लॅश खाल्ला जातो, आणि आयएफएस (ओळ कुठे तोडायची ते ठरवणारा शेलचा चल) रिकामे न केल्यास कडेच्या मोकळ्या जागा छाटल्या जातात. ओळ अशी हवी : आधी 'आयएफएस=', मग 'रीड -आर -एस -पी', मग अवतरणात प्रॉम्प्ट आणि शेवटी चलाचे नाव. एस दिल्यावर एंटरचाही न्यूलाइन उमटत नाही, म्हणून खाली एक रिकामे 'इको' लिहा.

पुढे तो पासवर्ड हॅश करायला पाइपने देत असाल तर 'इको' वापरू नका. ते शेवटी न्यूलाइन जोडते आणि हॅश बदलतो. प्रिंटएफला '%एस' द्या, आणि चल दुहेरी अवतरणातच लिहा. पासवर्ड बाहेरच्या कमांडला आर्ग्युमेंट म्हणून देऊ नका. ती चालू आहे तोवर त्याच मशीनवरचा दुसरा कुणीही सहसा 'पीएस'ने तो वाचू शकतो. आणि स्क्रिप्ट तपासताना चालू केलेले 'सेट -एक्स' तसेच राहिले, तर इतक्या काळजीने झाकलेला पासवर्ड लॉगमध्ये ठळक छापून येतो. तेवढ्या ओळींपुरते ते बंद करा.

स्क्रिप्टची पहिली ओळ बॅशऐवजी एसएचची असेल आणि मागे डॅश हे साधे शेल असेल, तर एस हा पर्यायच मिळत नाही. तिथे 'एसटीटीवाय -जी'चे उत्तर चलात ठेवा, ट्रॅपमध्ये ते परत बसवण्याची सोय करा आणि मगच 'एसटीटीवाय -इको' द्या. ट्रॅप आधी, इको नंतर. पॉवरशेलमध्ये ७.१ पासून रीड-होस्टला मास्कइनपुट आहे, त्याआधी अ‍ॅजसिक्युअरस्ट्रिंग.

प्रश्न : फुल्या दाखवाव्यात की काहीच दाखवू नये?

उत्तर : युनिक्सची जुनी रीत काहीच न दाखवण्याची. फुल्यांनी लांबी कळते आणि शेजारी उभ्या माणसाला टाइप करण्याची लयही दिसते. उलट काहीच न उमटल्याने नवखा माणूस कीबोर्ड बिघडला समजतो. आमचा कौल : प्रशासकांच्या साधनात काही दाखवू नका आणि प्रॉम्प्टमध्येच 'टाइप करताना दिसणार नाही' असे लिहा, सर्वसामान्यांसाठीच्या प्रोग्राममध्ये फुल्या द्या.

पण फुल्या फुकट येत नाहीत. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या सुडोमध्ये पीडब्ल्यूफीडबॅक नावाचा पर्याय आहे, तो फुल्या दाखवतो. मूळ सुडोत तो बंद असतो, पण लिनक्स मिंट आणि एलिमेंटरी ओएस यांनी तो चालू करून दिला होता. ओळ पुसण्याची की दाबल्यावर छापलेल्या फुल्या खोडणारा जो कोड होता, तो टर्मिनलवर लिहिताना चूक झाली तर बफरमधली उरलेली जागा नव्याने मोजायचा, पण लिहिण्याची जागा मात्र सुरुवातीला परत न्यायचा नाही. बफरच्या पलीकडे लिहिणे त्यातून शक्य झाले. १.७.१ या आवृत्तीपासून ही चूक आत होती. जानेवारी २०२० मध्ये १.८.३१ ने ती काढली. सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०१९-१८६३४. हा पर्याय बंद असलेल्यांना या चुकीचा धोका नव्हता. फुल्यांचा लूप स्वतः लिहिताना खोडण्याची शाखा सर्वांत जास्त तपासा, ती यासाठी.

प्रश्न : पासवर्ड वाचून झाल्यावर मेमसेटने बफर शून्य करतो. एवढे पुरे का?

उत्तर : बहुधा ते होतच नाही. त्या बफरचा पुढे उपयोग नाही असे दिसले की कंपायलर ऑप्टिमाइझ करताना मेमसेट काढून टाकतो. जीलिबसी २.२५ पासून एक्स्प्लिसिट_बीझीरो आहे, विंडोजवर सिक्युअरझीरोमेमरी, आणि सी२३ मध्ये मेमसेट_एक्स्प्लिसिट. हे काढले जात नाहीत.

दुसरी प्रत सहसा नजरेतून सुटते. एफगेट्सने वाचले असेल तर त्या प्रवाहाच्या अंतर्गत बफरमध्येही पासवर्ड पडून असतो. सरळ रीडने वाचा, म्हणजे ती प्रत तयारच होत नाही. जुने गेटपास हे सी फंक्शन स्वतःच्या स्थिर बफरचा पत्ता देते, तो पुसणे विसरले जाते. २००१ च्या पोझिक्समधून ते वगळलेले आहे, नव्या कोडात नको. स्वॅपची भीती असेल तर एमलॉक, कोअर डम्पची असेल तर सेटआरलिमिटने आरलिमिट_कोअर शून्य.

जावात रीडपासवर्ड कॅर अ‍ॅरे देते ते यासाठीच : काम झाले की अ‍ॅरेज.फिलने भरून टाका, मध्येच स्ट्रिंग बनवलीत तर ती पुसता येत नाही. पायथनच्या स्ट्रिंगबाबत हे करताच येत नाही, त्यात वेळ घालवू नका.

प्रश्न : विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये चालणारा प्रोग्राम गिट बॅशच्या खिडकीत पासवर्ड विचारतानाच अडकतो.

उत्तर : ती खिडकी मिनटीटी या टर्मिनल प्रोग्रामची आहे. नेहमीच्या मांडणीत विंडोजच्या मूळ प्रोग्रामला तिच्याकडून कन्सोल मिळत नाही, पाइप मिळतो. त्यावर गेटकन्सोलमोडही अपयशी ठरते. कमांडच्या आधी 'विनपीटीवाय' लिहून चालवा. आणि तुमच्या प्रोग्राममध्ये गेटकन्सोलमोडने परत दिलेली किंमत तपासा. शून्य आले तर पासवर्ड न विचारता कारण छापून बाहेर पडा.